आमच्या डोंगराचा सामूहिक वनहक्क: पहिल्या ग्रामसभेपासून हक्कपत्रापर्यंत

मार्च २०१८ मध्ये आमच्या वाडीवरचा डोंगर दोन दिवस आणि एक रात्र जळत होता. फुलून मेलेली कारवी उभीच्या उभी वाळली होती, तिने भसकन पेट घेतला. आम्ही ओल्या फांद्या घेऊन धावलो, पण मधे कुठेच मोकळी पट्टी नव्हती, त्यामुळे आग हवी तिकडे गेली. त्या पावसाळ्यात वाडीचा झरा पहिल्यांदाच गढूळ झाला आणि देवराईच्या खालच्या उतारावर हातभर रुंद भेग पडली.

माळीण घडलं तेव्हा मी कॉलेजात होते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे अख्खं गाव दरडीखाली गेलं, १५० हून अधिक माणसं गेली. तेव्हापासून आमच्याकडे जोराचा पाऊस लागला की म्हातारी माणसं झोपत नाहीत. म्हणून ती भेग बघून सगळ्यांच्या मनात एकच विचार आला, तोंडाने मात्र कोणी बोललं नाही.

सह्याद्रीतल्या हिरड्याच्या पट्ट्यात आमचं महादेव कोळ्यांचं छोटं गाव आहे. भात, नाचणी, वरई पिकते आणि उन्हाळ्यात बाळहिरड्याचे चार पैसे मिळतात. रान आमच्या दारात आहे, पण कागदावर ते राखीव वन. वणवा लागला की आम्ही विझवायला जायचो, पण वणवा लागूच नये म्हणून काही करायचं तर ‘ते आपलं काम नाही’ असं म्हणायचो. एका संस्थेच्या शिबिरात कळलं, की २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाला आपलं पारंपरिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्येच मिळाला होता. आम्हाला ऐकायला आणखी नऊ वर्षं लागली.

हे सगळं लिहायचं कारण असं, की गेल्या वर्षभरात शेजारच्या खोऱ्यातल्या तीन गावांनी मला एकच प्रश्न विचारला: सुरुवात कुठून करायची?

आमची सुरुवात फसली. २६ जानेवारी २०१९ ची ग्रामसभा आम्ही गाठली, सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा विषय मांडला, पण गावात प्रौढ माणसं ३१२ आणि हजर ९७. या कामाच्या सभेला किमान निम्मी माणसं लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बायका लागतात. आधीच्या कागदांवर एक वनहक्क समिती, म्हणजे दावे तयार करणारी गावकऱ्यांची समिती, होती, पण ती गट ग्रामपंचायतीची, चार गावं मिळून. तिच्यातला आमच्या गावचा एकुलता एक सदस्य वारलेला होता. आमचं गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखाली) येतं, त्यामुळे आमच्या गावाची स्वतःची ग्रामसभा आणि स्वतःची समिती असायला हवी, हे ग्रामसेवकांना दाखवायला मला नियमांची छापील प्रत घेऊन दोनदा जावं लागलं. तुम्ही हे काम सर्वांत आधी उरका. समिती चुकीच्या पातळीवर असेल तर पुढचं सगळं कोसळतं.

दुसरी सभा १७ फेब्रुवारीला, रविवारी ठेवली. वेळ सकाळी अकराची होती, ती मी संध्याकाळी पाचची करून घेतली. सकाळी बायका पाण्यावर आणि लाकडांना असतात, अकराला येणार कशा? संध्याकाळी १७१ माणसं जमली, त्यात ७४ बायका. तेरा जणांची समिती झाली, पाच बायका. मला सचिव केलं, कारण मला टाईप करता येत होतं. तात्या अध्यक्ष झाले. तात्या माझे चुलत चुलते. शाळा चौथीपर्यंत, पण रानाचा कोपरान्‌कोपरा पाठ.

त्या सभेत सगळ्यात जास्त वेळ एका भीतीवर गेला. ज्यांचे वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीचे वैयक्तिक दावे आधीच दाखल होते त्यांना वाटत होतं, की सामूहिक दावा केला तर आपला तुकडा त्यात बुडेल. तसं होत नाही. दोन्ही हक्क वेगळे आहेत, दाव्याचे नमुने वेगळे आहेत. हे समजावून सांगायला तीन संध्याकाळी आणखी गेल्या. त्या घाईने उरकल्या असत्या तर पुढे गावात फूट पडली असती.

मार्च ते मे आम्ही हद्द चाललो. या पाच वर्षांतले सगळ्यात चांगले दिवस तेच. सातबाऱ्यावर किंवा नकाशावर आमची हद्द नव्हती. ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात होती: वाघोबाच्या ठाण्यापासून धारेधारेनं, मग दुहेरी कड्याच्या नाळेतून खाली, उंबराच्या पाणवठ्यापर्यंत. तात्या पुढे, त्यांच्या मागे दोन पोरं मोबाईलवर जीपीएस घेऊन, मागे मी वही घेऊन. १४३ बिंदू घेतले. वाटेत देवराईतली अंजनी, जांभूळ, गारंबीचे वेल, शेकरूची तीन घरटी, नऊ पाणवठे आणि जळलेल्या ऐनांची खोडं, सगळं वहीत उतरवलं. एक आजी आमच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत आल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी कंद खणले ती जागा त्यांनी काठीने दाखवली आणि तिथे थोडा वेळ बसून राहिल्या.

खोल नाळेत मोबाईलला उपग्रह नीट सापडत नाहीत. बिंदू घेताना एक-दोन मिनिटं न हलता उभं राहा आणि प्रत्येक बिंदूचं नाव, क्रमांक वहीतही लिहा. आम्ही पहिल्या आठवड्यात हे केलं नाही. त्याची किंमत दोन वर्षांनी मोजली, ते पुढे येईल.

वरच्या कुरणावर शेजारच्या गावाशी वाद निघाला. तिथे दोन्ही गावांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरतात. दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं असं नियमच सांगतो. बसलो, चहा झाला, आवाज चढले, पुन्हा बसलो. तिसऱ्या बैठकीत ठरलं की कुरण सामाईक, चराईचे दिवस वाटून. दोन्हीकडच्या सह्यांचं इतिवृत्त फाईलला लावलं. नकाशावर रेघ मारण्याआधी शेजाऱ्यांकडे जा, एवढंच सांगेन.

जूनपासून पाऊस, मग लावणी. चालणं थांबलं, कागद सुरू झाले. वनविभागाचा कक्षवार (वनखातं जंगलाचे जे क्रमांकाचे तुकडे पाडतं ते कक्ष) नकाशा आणि महसुली नकाशा हवा होता. नकाशे आणि मतदारयाद्या गावाला पुरवणं हे उपविभागीय समितीचंच (प्रांत पातळीवर दावे तपासणारी सरकारी समिती) काम आहे, नियमात तसं लिहिलेलं आहे. मी तसं पत्र दिलं, पोच घेतली, जून गेला, जुलै गेला. दोन स्मरणपत्रं दिली. शेवटी ३ सप्टेंबरला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. २७ दिवसांत नकाशे मिळाले. पत्राच्या आधीच हा अर्ज करावा का? मला तसं वाटत नाही. आधी साधं पत्र द्या, महिनाभर थांबा. कार्यालयातली माणसंही आपल्याला पुढे लागणार असतात.

पुराव्यांचा मला फार धाक होता. विदर्भातल्या गावांच्या फायलींत निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद) बघितलं होतं, ते आमच्याकडे नव्हतंच. पण किमान दोन पुरावे लागतात आणि ते अनेक प्रकारचे चालतात. आम्ही जुन्या जिल्हा गॅझेटियरमधली पानं लावली, देवराईचे आणि वाघोबाच्या ठाण्याचे फोटो लावले, पाणवठ्यांची यादी लावली, हिरडा विकल्याच्या जुन्या पावत्या लावल्या. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात, पण ते दावेदार सोडून दुसऱ्यांचे. सामूहिक दाव्यात अख्खं गाव दावेदार, मग जबाब कोणाचे? आम्ही शेजारच्या गावच्या तीन म्हाताऱ्यांचे घेतले, ज्यांच्याशी कुरणावरून भांडलो होतो त्यांचेच. त्यातल्या एका आजोबांनी आमच्या रानातल्या वाटा आमच्यापेक्षा नीट सांगितल्या.

संयुक्त पडताळणीसाठी वन आणि महसूल खात्याला समितीने लेखी कळवायचं असतं. १२ डिसेंबर २०१९ ला आम्ही भाकरी बांधून चार तास थांबलो, कोणी आलं नाही. गावात निराशा पसरली ती त्या दिवशी. ‘आता बास कर पोरी,’ असं घरातूनही ऐकलं. पंचनामा लिहिला, हजर असलेल्यांच्या सह्या घेतल्या, पुन्हा पत्र दिलं. ९ जानेवारी २०२० ला तलाठी भाऊसाहेब आणि वनरक्षक दोघेही आले. वनरक्षक नवीन होते, तरुण होते आणि दिवसभर आमच्याबरोबर चालले. आग दरवर्षी कोणत्या खिंडीतून चढते ते त्यांनीच दाखवलं. आमची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेली मोकळी पट्टी, आज तिथेच आहे. पडताळणीच्या कागदावर सही, हुद्दा, तारीख आणि शेरा, चारही गोष्टी तिथल्या तिथे घ्या. ‘नंतर करतो’ म्हटलं तर नम्रपणे बसून राहा.

१ मार्चच्या ग्रामसभेने दावा मंजूर केला, १६ मार्चला फाईल उपविभागीय समितीकडे दिली. २१८ पानं. आठ दिवसांत देश बंद झाला.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरचं वादळ घाटमाथा ओलांडून आमच्यापर्यंत येईल असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. चार तासांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे हिरडे मुळासकट आडवे झाले. मुळं आकाशाकडे तोंड करून पडलेला हिरडा बघवत नाही. ज्या घरांचं वर्षाचं तेल-मीठ त्या झाडावर चालायचं, त्या घरातल्या बायका झाडाजवळ जाऊन रडल्या. आम्ही समिती म्हणून पडलेली झाडं मोजली: १३६. हा आकडा पुढे फार कामी आला. गावाजवळ आपल्या रानाची मोजदाद असेल तर बोलायला जमीन मिळते. एक गोष्ट मोजताना लक्षात आली. उघड्या माळावरचे एकटे हिरडे जास्त पडले होते. दाट रानातले, एकमेकांच्या आडोशाला उभे असलेले बरेचसे वाचले होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये मी फायलीची चौकशी केली. फाईल सापडत नव्हती. टाळेबंदीत कपाटं हलवली होती म्हणे. त्या दिवशी एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले, कोणाशी बोलले नाही. पण आमच्याकडे पोच होती, आवक क्रमांक होता आणि सह्याशिक्क्यांसकट दुसरा संच होता. पंधरा दिवसांत तो दाखल केला. तुम्ही तीन संच करा: एक द्यायचा, एक समितीचा, एक गावाबाहेर कोणाच्या तरी घरी. प्रत्येक पानावर क्रमांक घाला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्रुटीचं पत्र आलं. आमचं क्षेत्र २६८ हेक्टर, त्यांच्या हिशोबात २४१. पहिल्या आठवड्यातले ते घाईचे बिंदू! मला वाटलं दावा फेटाळला. तसं नसतं. उपविभागीय समितीला दावा पटला नाही तर तिने तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा असतो. आम्ही मार्चमध्ये पुन्हा ३८ बिंदू घेतले. या वेळी त्या वनरक्षकांनी कक्ष क्रमांक जुळवायला मदत केली. क्षेत्र २४६ हेक्टर ठरलं, ग्रामसभेने नवा ठराव केला.

त्या वर्षीचा जुलै विसरता येणार नाही. २२ जुलैला महाडजवळचं तळिये गाव दरडीखाली गेलं. आमच्याकडे त्याच रात्री देवराईखालच्या भेगेत पाणी शिरताना ऐकू येत होतं. चार घरं शाळेत हलवली, अकरा रात्री तिथेच काढल्या. त्या रात्रींत मी फायलीचा विचार करत होते आणि मला त्याची लाज वाटत होती, समोर लेकरं थंडीने कुडकुडत असताना. तात्यांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, ‘अगं, लेकरांसाठीच तर फाईल.’

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण लोक मला विचारतात की जंगल राखलं म्हणजे दरड येणार नाही का. झाडांची मुळं वरची माती बांधून ठेवतात, पानं-फांद्या पाऊस थेट जमिनीवर आदळू देत नाहीत, पाणी हळूहळू मुरतं. पण खोलवरचा उतारच सरकायला लागला तर मुळं पुरी पडत नाहीत. म्हणून रान राखायचं आणि भेग दिसली तर घरंही हलवायची, दोन्ही करायचं. उतार यंत्राने कापून सपाट करणं मात्र थांबवायलाच हवं. आमच्या ग्रामसभेने देवराईखाली जेसीबी न आणण्याचा ठराव हक्कपत्र मिळण्याच्या आधीच केला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये उपविभागीय समितीने शिफारस केली. पुढे जिल्हास्तरीय समिती. तिथे अकरा महिने काहीच हललं नाही. त्यावर लिहिण्यासारखंही काही नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणीतरी एक जण जायचं, विचारायचं, वहीत तारीख लिहायची. पाळ्या लावल्यामुळे कोणी थकलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बैठकीत मंजुरी मिळाली आणि २१ ऑगस्ट २०२३ ला हक्कपत्र हातात आलं. जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासचे अधिकारी, तिघांच्या सह्या. गावात भंडारा उधळला. मी रात्री कागद शांतपणे वाचला तेव्हा दिसलं की एक कक्ष क्रमांक चुकीचा टाईप झाला होता. देवराईचाच.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला फार जड गेलं. काही जण म्हणाले, राहू दे, मिळालंय ना. पण कागदावर देवराई नसेल तर उद्या आमची नातवंडं काय दाखवतील? दुरुस्तीचा अर्ज केला, सोबत मंजुरीचं इतिवृत्त आणि नकाशा. १८ जानेवारी २०२४ ला सुधारित हक्कपत्र आलं. हक्कपत्र घेताना मोठ्याने वाचून घ्या, तिथेच, कार्यालयातच.

खर्चाचं सांगते. दाव्याला शुल्क काहीच नाही. कोणी मागितलं तर देऊ नका. आमचे पाच वर्षांत १४,३०० रुपये गेले: जवळजवळ नऊ हजार एसटी आणि जीपभाडं, बाकी झेरॉक्स, नकाशांच्या रंगीत प्रती, फोटो. घरटी दीडशे रुपये वर्गणी काढली, उरलेले हिरड्याच्या सामूहिक विक्रीतून भरले. बुडालेली मजुरी यात धरलेली नाही. धरली तर आकडा कितीतरी मोठा होईल, आणि तो सगळ्यात जास्त बायकांच्या वाट्याचा आहे.

हक्कपत्रानंतर जंगल व्यवस्थापनाची समिती केली आणि पहिला वाद राबावरून झाला. भाताच्या रोपांसाठी आम्ही ऐनाच्या फांद्या तोडून राब भाजतो, म्हणजे रोपांच्या जागेवर त्या पसरून जाळतो. आमचे आजे-पणजे हेच करत आले. पण आता झाडं शेंड्यापर्यंत खरवडली जातात. बंदी घातली असती तर कोणी पाळली नसती. खूप बोलून असं ठरलं: पाणवठ्यांच्या वरच्या उतारावर राबासाठी तोड नाही, बाकी ठिकाणी एका झाडाला तीन वर्षांतून एकदा, शेंडा राखून. हे कितपत टिकेल ते पाचेक वर्षांनी कळेल. लागवड मात्र आम्ही फारशी केली नाही. खड्डे खणून रोपं लावण्याचा आग्रह बाहेरून खूप झाला, पण आमच्या रानात तोडलेल्या खोडांना आपोआप फुटवे येतात. त्यांना तीन वर्षं गुरं आणि आग लागू दिली नाही तर तेच वर येतात. वादळात पडलेल्या हिरड्यांच्या जागी तेवढी रोपं लावली, आमच्याच बियांची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये खिंडीत जाळरेषा काढली, सहा मीटर रुंद, दोन किलोमीटर. त्यासाठी ६२ माणसं नऊ दिवस राबली. वाळकी कारवी कापून आणली, तिच्या कुडांनी दोन घरांच्या भिंती झाल्या. त्या उन्हाळ्यात आग लागली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये लागली, दुपारी दोनला, पलीकडच्या बाजूने. आम्ही पोचलो तेव्हा ती रेषेपाशी येऊन गवत शोधत होती. पाऊण तासात विझली. साधारण तीन एकर जळलं.

वाडीच्या झऱ्याची नोंद आम्ही २०१९ पासून ठेवतो आहोत. आमच्या डोंगरात काळ्या खडकाचे थरावर थर आहेत. वरच्या सच्छिद्र थरात मुरलेलं पाणी खालच्या कठीण थरावर अडतं आणि बाजूने बाहेर येतं. त्यामुळे वरचं पठार राखलं तर खालचा झरा राहतो. मोजायची पद्धत सोपी आहे: एकच हंडा, तोच, आणि भरायला लागणारा वेळ. दर महिन्याच्या पंधरा तारखेला आठवी-नववीच्या मुली मोजतात. मे २०१९ मध्ये अकरा मिनिटं लागली होती. मे २०२५ मध्ये सात मिनिटं वीस सेकंद. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस आला, त्यामुळे एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही. मुलींनी नोंदीपुढे कंसात ‘पाऊस झाला होता’ असं लिहिलंय. वही शाळेच्या कपाटात आहे, दुसरी प्रत माझ्या मामाकडे.